आधी घोडीकडे पाहा

प्रश्न: आमचा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी असून दोन्ही पायांचे स्नायू ताठर आहेत. वॉकर धरून तो घरातल्या घरात चालतो. पूर्वी त्याला आकडी येत असे, ती गेले दीड वर्ष औषधाने पूर्ण आटोक्यात आहे. दोन महिन्यांपासून आम्ही त्याला नाशिकजवळच्या एका तबेल्यात दर शनिवारी नेतो. तिथे ‘समग्र अश्वोपचार’ या नावाने बिजली नावाच्या पांढऱ्या घोडीवर वीस मिनिटे बसवून फिरवतात. तिचा त्याला इतका लळा लागला आहे की शुक्रवारी रात्रीच तो उद्या तिच्याशी काय बोलायचे ते ठरवून ठेवतो. आता तिथले संचालक म्हणतात की, घोड्याच्या हृदयाच्या लहरी मुलाच्या मेंदूपर्यंत नीट पोचायच्या असतील तर फिजिओथेरपी थांबवावी आणि आकडीचे औषधही हळूहळू बंद करावे. 36 सत्रांचे पैसे आगाऊ मागितले आहेत. सासऱ्यांच्या मते हे सारे थोतांड आहे. यजमान म्हणतात, गावाकडे जागा आहे, सारंगखेड्याच्या यात्रेतून आपणच एक घोडी आणू. मला यांपैकी काहीच धड पटत नाही, कारण मुलाचे हसू मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यातच बिजली म्हातारी झाल्यामुळे तिला विकणार आहेत, असे तिथल्या मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या माणसाने, परवा हळूच सांगितले. हे मुलाला कसे सांगावे?
एक आई, नाशिक

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

आकडीच्या औषधाविषयीचे उत्तर सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखे नव्हते, म्हणून ते तुम्हांला आधीच स्वतंत्रपणे कळवले आहे. इतर वाचकांसाठी येथे पुन्हा लिहितो. हे औषध कमी करायचे की नाही, केव्हा आणि किती, हे ते लिहून देणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञाने ठरवायचे असते, तबेल्याने नव्हे. मध्येच बंद केलेल्या औषधामुळे आकडी अधिक जोराने उलटू शकते, आणि ती जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, घोड्याच्या पाठीवर आली तर काय होईल, याचा त्या संचालकांनी विचार केलेला दिसत नाही. हे काम जिथे जबाबदारीने चालते तिथे आटोक्यात नसलेली आकडी हे मुलाला घोड्यावर न बसवण्याचे कारण मानले जाते. म्हणजे ज्या औषधाच्या जोरावर तुमचा मुलगा बिजलीवर बसतो, तेच औषध बिजलीच्या नावाने बंद करायला तुम्हांला सांगितले जात आहे.

मी पशुवैद्य आहे. माझी बहुतेक नोकरी घोड्यांत गेली आणि त्यानंतरची काही वर्षे अशाच मुलांसाठी पाळलेल्या घोड्यांची तब्येत पाहण्यात गेली. त्यामुळे तुमच्या मुलाच्या पायांविषयी मी जे लिहीन ते फिजिओथेरपिस्ट मंडळींच्या शेजारी उभे राहून शिकलेले आहे, आणि बिजलीविषयी जे लिहीन ते स्वतःच्या हाताखालून गेलेले आहे. तबेला चांगला की वाईट, उपचार खरा की खोटा, या प्रश्नांत तुमचे घर तीन दिशांना ओढले जात आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, या सर्वांचा निवाडा करण्यासाठी माहितीपत्रक मिटून ठेवा आणि आधी त्या घोडीकडे पाहा. असे का म्हणतो, ते थोडे सविस्तर सांगतो.

घोडा चालतो तेव्हा त्याची चार पावले चार वेगवेगळ्या ठेक्यांवर पडतात, आणि मागच्या प्रत्येक पावलाबरोबर त्याच्या पाठीचा एक भाग वर येऊन पुढे सरकतो. त्या पाठीवर बसलेल्या मुलाचा कमरेखालचा सांगाडा, म्हणजे श्रोणी, त्यामुळे मागे-पुढे कलतो, डावी-उजवीकडे झुकतो आणि थोडासा वळतोही. आपण दोन पायांवर चालताना आपली श्रोणी जशी हलते, त्याच्याशी ही हालचाल आश्चर्य वाटावे इतकी जुळते. ज्या मुलाला स्वतःच्या पायांनी ही लय कधी मिळालेली नसते, त्याच्या शरीराला ती उसनी मिळते, आणि तोल सावरण्यासाठी पाठीच्या व पोटाच्या स्नायूंना दर पावलाला काम करावे लागते. शांत चालीत मिनिटाला शंभराच्या आसपास पावले धरली, तर वीस मिनिटांत असे दोन हजार हेलकावे होतात. एवढी कसरत कोणी सात वर्षांच्या मुलाकडून गादीवर झोपवून करून घेऊ म्हटले, तर दहाव्या वेळेलाच तो भोकाड पसरेल. शिवाय घोड्याचे अंग आपल्यापेक्षा साधारण एका अंशाने अधिक उबदार असते आणि त्या रुंद पाठीवर मांड्या आपोआप फाकून बसतात. ताठर स्नायूंना ही ऊब आणि हा ताण दोन्ही मानवतात. तुम्ही पाहिलेल्या हसण्यामागे एवढी यंत्रणा आहे, हे सासऱ्यांना अवश्य सांगा.

यावर अभ्यासही झाले आहेत. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात, तुमच्या मुलासारखाच ताठरपणा असलेल्या 15 मुलांपैकी काहींना आठ मिनिटे चालत्या घोड्यावर आणि काहींना तेवढाच वेळ स्थिर पिंपावर बसवले होते; घोड्यावर बसलेल्यांच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या कामातला असमतोल कमी झाला, पिंपावर बसलेल्यांच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. पंधरा मुले म्हणजे फार नव्हेत, आणि आठ मिनिटांनंतरची सुधारणा आठ महिन्यांनी टिकते का, हा निराळाच प्रश्न आहे. नंतरच्या अभ्यासांचा सूरही साधारण असाच आहे: बसण्याचा तोल, धडावरचा ताबा, काही प्रमाणात चालणे यांत फायदा होतो, मात्र तो फिजिओथेरपीच्या जोडीने होतो. मुळात या पद्धतीचे हिप्पोथेरपी हे नाव आणि तिची बैठक 1960 च्या दशकात जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये घडली, ती फिजिओथेरपिस्ट मंडळींच्याच हातून. मुलाच्या बाजूने चालणारा फिजिओथेरपिस्ट घोड्याची चाल औषधाच्या मात्रेसारखी वापरतो: आता जरा हळू, आता वळण, आता थांबून पुन्हा सुरुवात, आता मूल उलटे तोंड करून. तो माणूस वगळला तर मागे उरते ती चौपाटीवरची रपेट. तिच्यातही आनंद असतो, पण तिचे दर वेगळे असतात.

म्हणून पहिली चौकशी ही करा की, त्या वीस मिनिटांत मुलाच्या बाजूला कोण चालते आणि त्याची पदवी काय आहे. त्याचबरोबर, मुलाला घोड्यावर बसवण्यापूर्वी त्याच्या खुब्यांचा एक्स-रे कोणी मागितला होता का, हे आठवून पाहा. मांड्यांचे स्नायू ताठर असलेल्या मुलांत खुबा हळूहळू खोबणीतून बाहेर सरकण्याचा धोका असतो, आणि तसे झाले असेल तर रुंद पाठीवर फाकून बसणे अपायकारक ठरते. तुमच्या अस्थिरोगतज्ज्ञांना ‘घोड्यावर बसवू का’ असे सरळ विचारा. हीच काळजी डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेच्या मणक्यांबाबत घ्यावी लागते, हे या सदराच्या इतर वाचकांसाठी.

माहितीपत्रकात लिस हार्टेल यांचे नाव असणार, असे मी न पाहताच सांगू शकतो. डेन्मार्कच्या या स्वार बाईंना 1944 साली पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालचे पाय कायमचे गेले. तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ज्युबिली नावाच्या घोडीवरून त्यांनी रौप्यपदक जिंकले. कहाणी शंभर टक्के खरी आहे आणि घोड्यांच्या साहाय्याने उपचार करण्याची कल्पना युरोपभर पसरली ती बरीचशी याच पदकामुळे. तथापि पत्रके जो भाग गाळतात तो असा की, हार्टेल यांचे पाय बरे झाले नव्हते. त्यांना घोडीवर चढवावे आणि उतरवावे लागत असे, आणि पदक घेण्यासाठी चौथऱ्यावर चढताना सुवर्णपदक मिळवणाऱ्या स्वीडिश स्वाराने त्यांना हात दिला होता. घोडीने त्यांचा पोलिओ घालवला नाही. त्या पायांनिशी काय करता येते, ते त्यांना दाखवले. तुमच्या मुलाच्या बाबतीतही अपेक्षा याच मापाची ठेवावी.

स्वमग्नता ‘बरी’ करण्याचा दावाही अशा पत्रकांत असतो. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 127 स्वमग्न मुलांचे दोन गट केले होते. एका गटाने दहा आठवडे घोडेस्वारी केली, दुसऱ्याने तेवढाच वेळ घोड्यांविषयी शिकण्यात घालवला, आणि त्यांच्यासमोर खरा घोडा नसून त्याच आकाराचा भुसा भरलेला घोडा होता. स्वारी करणाऱ्या मुलांची चिडचिड आणि अतिचंचलता अधिक कमी झाली आणि संवादातही प्रगती दिसली. घरात असे मूल असलेल्या आईबापांना चिडचिड कमी होण्याची किंमत कळते, म्हणून हा निष्कर्ष मी मोठा मानतो. ‘बरे होणे’ हा शब्द त्यात कुठेही नाही.

आता हृदयाच्या लहरींविषयी. घोड्याचे हृदय मोठे असते, भरदार घोडा असेल तर चार किलोच्या आसपास. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला तीस ते चाळीस इतकी संथ असते, आणि त्याच्या कुशीला कान लावून उभे राहिले की माणूसही संथ होत जातो, हा माझा रोजचा अनुभव आहे. परंतु त्या हृदयातून निघणाऱ्या लहरी मुलाच्या मेंदूची दुरुस्ती करतात, आणि त्या लहरींना औषधाचा अडथळा होतो, हे कोणी सिद्ध केलेले नाही. मला यातले वाईट वाटते ते असे की, घोड्याजवळ खरोखर जी विलक्षण गोष्ट आहे ती या लहरींच्या गोंगाटात झाकली जाते.

विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता. त्याचे मालक विल्हेल्म फोन ओस्टेन त्याला बेरीज-वजाबाकी विचारत आणि तो टापा आपटून उत्तर देई. फसवणूक सापडेना, तेव्हा 1907 साली ओस्कार फुंग्स्ट या संशोधकाने चिकाटीने तपास करून दाखवले की, विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसेल तर घोडाही चुकतो. योग्य आकड्यापर्यंत टापा पोचल्या की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलत असे, श्वास सुटत असे. हान्स तेवढे टिपून थांबत असे. त्याला गणित येत नव्हते, माणूस मात्र वाचता येत होता. अलीकडे, 2016 मध्ये, ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी घोड्यांना अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली, तेव्हा रागावलेला चेहरा पाहून त्यांच्या हृदयाची गती अधिक वेगाने वाढली. ज्याच्या पूर्वजांना लाखो वर्षे कुणीतरी खात आले, त्या प्राण्याला समोरच्याच्या अंगातला ताण ओळखता येणे भागच होते. तुमच्या मुलाचे बोलणे लोकांना पटकन समजत नसेल, त्याचे हात सावकाश चालत असतील, माणसे त्याच्यासमोर घाईने वाक्य पुरे करत असतील. बिजली वाक्य पुरे करत नाही. तो आत निवांत असेल तर ती निवांत राहते, तो धसकला की तिचे कान वळतात, आणि आपल्या असण्याचा एवढा ताबडतोब, एवढा प्रामाणिक पडताळा त्या मुलाला इतरत्र मिळत नसावा. लळा लागतो तो इथे. त्यासाठी लहरींची गरज नाही.

ज्या प्राण्याला तुमच्या मुलाचा ताण कळतो, त्याचे स्वतःचे दुखणे मात्र पुष्कळ तबेल्यांत कोणाला कळत नाही. घोडा दुखणे लपवतो. कळपात लंगडणारा आधी शिकार होतो, हे त्याच्या हाडीमांसी आहे.

एका शहरातल्या केंद्रात मोतिया नावाचा बारा-तेरा वर्षांचा कुमैत, म्हणजे गडद तांबूस अंगाचा, घोडा होता. अतिशय गुणी, मुले अंगावर ओरडली तरी पापणी न हलवणारा. एके दिवशी तिथल्या बाई म्हणाल्या की हल्ली तो नखरे करतो, तंग (पोटाखालून बांधायचा पट्टा) आवळताना मागे वळून चावायला बघतो. मी त्याच्या डाव्या अंगाला उभा राहून मानेपासून शेपटीपर्यंत बोटे दाबत नेली. खांद्याच्या उंचवट्याच्या मागे चार बोटांवर बोटे पोचली आणि त्याची पाठ हाताखालून अशी खाली गेली, जशी भिजलेली गादी दबावी. नमदा, म्हणजे पाठीवर टाकायची जाड लोकरी घडी, उचलून पाहिला तर त्याच जागी रुपयाएवढे पांढरे केस उगवले होते. खोगीर किंवा पट्टा महिनोन् महिने एकाच जागी दाबत राहिला की गडद घोड्याला असे पांढरे केस येतात. मी हे तिथल्या फिजिओथेरपिस्टला दाखवले, तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली आणि मग तिने आपली वही आणली. गेले दीड महिना मोतियावर बसणारी निरनिराळी मुले उजवीकडे कलत होती आणि ती प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याचा दोष लिहीत होती. दुखणारी पाठ वाचवण्यासाठी मोतिया मागचा डावा पाय आखडता टाकत होता, आणि त्याच्या चालीतला तो खोट जसाच्या तसा मुलांच्या कमरेत उतरत होता. महिन्यापूर्वीच्या तपासणीत मीही त्याला उभ्याउभ्या पाहून ‘ठीक’ असा शेरा मारला होता, हेही सांगितले पाहिजे. त्याला सहा आठवडे विश्रांती दिली, पट्टा बदलला, नालबंदाकडून मागचे खूर समान करून घेतले. पुढे तो पुन्हा कामावर आला, आणि मुले सरळ बसू लागली.

म्हणून, घोडीकडे पाहा, असे मी म्हणतो तेव्हा त्यात भूतदया आहे, पण केवळ भूतदया नाही. मुलाला मिळणारे औषध म्हणजे घोडीची चाल. घोडीची पाठ दुखत असेल तर औषधच नासके आहे. येत्या शनिवारी ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी जा आणि मुलाला गाडीत वडिलांपाशी ठेवून एकट्या तबेल्यात चक्कर मारा. बिजलीला बाहेर काढताना, तिच्यावर नमदा टाकताना, तंग आवळताना तिचे कान कुठे जातात ते पाहा. कान मानेला चिकटले, शेपूट फटकारली, नाकपुड्या आक्रसून वरचा ओठ ताठ झाला, डोळ्यांवर सुरकुतीचा त्रिकोण उमटला, तर तिला काहीतरी खुपते आहे. तिला कठीण जमिनीवर सरळ रेषेत चालवायला सांगा आणि डोळे मिटून टापा ऐका: एक, दोन, तीन, चार असा सारखा ठेका पडला पाहिजे. डोळ्यांना लंगडणे दिसले नाही तरी कानांना ऐकू येते. खूर शेवटचे कधी घासले ते विचारा. सहा ते आठ आठवड्यांपेक्षा जास्त झाले असतील तर ठीक नाही. ती दिवसाला किती मुले वाहते, तेही विचारा. माझ्या मते अशा घोड्याने दिवसात दोन-तीन तासांपलीकडे हे काम करू नये, कारण वेडेवाकडे हलणारे वजन सावरत चालणे हे रपेटीपेक्षा कितीतरी थकवणारे असते. उरलेला वेळ ती इतर घोड्यांबरोबर मोकळी चरत असेल तर उत्तम. चोवीस तास अगाडी-पिछाडीला बांधलेली असेल, तर त्या जागेला समग्र म्हणवून घेण्याचा अधिकार नाही. ग्लँडर्स या रोगासाठी घोड्यांची रक्ततपासणी झाल्याचा दाखला मागा, कारण तो माणसालाही होतो. आणि मुलाची धनुर्वाताची लस चुकलेली नाही ना, तेही पाहा, कारण लीद पडलेल्या मातीत ते जंतू असतात.

‘समग्र’ या शब्दाशी माझे भांडण नाही. आपल्याकडे अश्ववैद्यकाची परंपरा शालिहोत्रापर्यंत मागे जाते आणि पांडवांपैकी नकुलाला विराटाच्या पागेत घोडे सांभाळण्याचे काम मिळाले होते, तेव्हा घोड्याचे पोट, पाय आणि मन एकत्र पाहायचे असते, हे आपण युरोपाकडून शिकायला नको. मात्र हल्ली तबेल्यांत घोड्यांसाठीही सुगंधी तेले, चुंबके आणि ऊर्जेचे हस्तस्पर्श आले आहेत. मालिश घोड्याला आवडते, मीही ती करायला सांगतो. पण पोटशूळ उठलेला घोडा जमिनीवर लोळत असताना कोणी त्याच्या कपाळावर तेलाचे थेंब सोडत बसला, तर तो घोडा हातचा जाईल. घोड्याला उलटी होत नाही, त्याच्या पोटातला फुगा बाहेर पडायला वाट नसते आणि डॉक्टरसाठी तासांचा हिशेब असतो. मुलाच्या औषधाबद्दल जे संचालक असे बोलतात ते घोडीच्या आजारपणात काय करत असतील, ही शंका माझ्या मनात आली ती यामुळेच.

पैशांविषयी फार लिहीत नाही. आगाऊ देऊ नका, सत्रागणिक द्या. त्याला नकार मिळाला, तर तोही एक निकालच समजा.

यजमानांची कल्पना प्रेमापोटी आहे आणि ती खोडून काढताना मला अवघड वाटते. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला मी बऱ्याचदा गेलो आहे. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांच्या आत वळून एकमेकांना टेकणाऱ्या कानांच्या रांगा, खरारा करून आरशासारखी चमकवलेली अंगे, हलगीवर पाय नाचवणारे घोडे पाहून हरखून जायला होते. पण तिथे भाव मिळतो तो रूपाला, चापल्याला आणि नाचाला, आणि नाचवलेला घोडा मान उंच ठेवून पाठ पोकळ करून चालायला शिकलेला असतो. तुमच्या मुलाला हवी आहे खाली मान घालून, पाठ गोल ठेवून, छत्री उघडली किंवा वॉकर कोसळला तरी जागचा न हलणारी प्रौढ घोडी. अशी घोडी घडवायला माहीतगार माणसाची वर्षे लागतात. त्यातून ती एकटी ठेवायची. घोडा हा कळपातला प्राणी आहे. एकटा बांधला तर काही महिन्यांत तो जागच्या जागी डोलू लागतो किंवा गव्हाणीचे लाकूड दातांत धरून हवा गिळू लागतो, आणि ही खोड सहसा सुटत नाही. दररोज सात-आठ किलो कोरडी वैरण, तीसेक लिटर पाणी, चंदी, लीद काढणे, खरारा, नालबंद, आणि हे सारे वर्षानुवर्षे. घोडा पंचविशी सहज गाठतो; आज शिंगरू आणले तर तेव्हा तुमचा मुलगा बत्तिशीचा असेल. गावाकडे घोड्यांची माहिती असलेले कोणी नसेल, तर यजमानांना या वर्षी यात्रेला नुसते जाऊन येऊ द्या. मुलालाही न्या.

राहिली बिजलीच्या विक्रीची गोष्ट. ती खरी आहे का, हे आधी संचालकांना विचारा, पण असे विचारा की त्या मोतद्दारावर बालंट येणार नाही. ‘इथले घोडे म्हातारे झाले की त्यांचे पुढे काय होते?’ एवढाच प्रश्न पुरे आहे. चांगल्या जागी याचे उत्तर तयार असते: हलके काम, मग चराई, मग शेवटपर्यंत दाणापाणी. उत्तर देताना जो माणूस अडखळतो त्याची घोडी बहुधा वरातीला किंवा टांग्याला जाते. आणि तुम्हांला जमण्यासारखे असेल तर हेही विचारा की, तिला चालण्याच्या कामातून मोकळी करून तिथेच ठेवता येईल का, आणि तुमच्या मुलाला आठवड्यातून एकदा तिचा खरारा करू देता येईल का. हे मी भाबडेपणाने सुचवत नाही. उभे राहून, एक हात तिच्या कुशीवर टेकून, दुसऱ्या हाताने ब्रश मानेपासून खाली ओढत आणणे म्हणजे तोल, खांदा, पकड आणि दोन्ही हातांचा मेळ यांचा व्यायाम आहे. तुमच्या थेरपिस्टला विचारलेत तर त्या आनंदाने त्याचा आराखडा करून देतील. शिवाय आजवर घोडीने त्याच्यासाठी काम केले. आता तो तिच्यासाठी काही करील. ज्या मुलासाठी दिवसभर इतरच काही ना काही करत असतात, त्याच्या लेखी हा बदल लहान नसतो.

ती जाणारच असेल, तर त्याच्यापासून लपवू नका. ‘बिजली गावाला गेली’ असे सांगून एका शनिवारी दुसरा घोडा पुढे केला, तर त्या घोड्यावर तो बसेल, पण शुक्रवारी रात्री बोलणे ठरवणार नाही. त्याला सरळ सांगा की ती म्हातारी झाली, तिचे पाय दुखतात, आता ती कोणाला पाठीवर घेऊ शकत नाही. पाय दुखणे म्हणजे काय हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते. तो रडेल. रडू द्या, आणि शेवटच्या भेटीला त्याला पाठीवर न बसवता तिच्या शेजारी पुरेसा वेळ उभे राहू द्या.

त्या भेटीसाठी, किंवा ती राहणार असेल तर येत्या शनिवारसाठी, एक गोष्ट त्याला शिकवा. मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्याच्या अलीकडे, आयाळीच्या बुडाशी, घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. तिथे खाजवले की घोड्याच्या हृदयाची गती उतरते, हे मोजून पाहिलेले आहे. त्याला तिच्याकडे शेजारून, खांद्याच्या बाजूने जाऊ द्या. अगदी नाकासमोर आणि अगदी मागे तिला दिसत नाही. मोतद्दाराला मोहरकी (तोंडावरची दोरी) धरायला सांगा, मुलाला वॉकरसकट किंवा कडेवर घेऊन तिच्या खांद्याशी न्या, आणि त्याची बोटे मुठीसारखी आवळलेली राहत असतील तर तशीच राहू द्या, मुठीच्या पेरांनीही काम होते. जोर लावायला सांगा, गुदगुल्या तिला आवडणार नाहीत. जागा बरोबर सापडली की बिजली मान लांब करील, तिचा वरचा ओठ पुढे येऊन थरथरू लागेल आणि ती त्याच्याकडे कलेल. तेवढ्या वेळेपुरते तुमचे पाय मात्र तिच्या टापांपासून दूर असू द्या.